पतसंस्थेची १०१ ची नोटीस जामीनदाराला गेली आणि माझ्यावर चेकची केस होणार, आधी काय करू?

खर्चीवाला_इचल

नमस्कार मंडळी, मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा ही विनंती. मी इचलकरंजीत आठ मागांवर खर्चीनं काम करत होतो, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि आपण मजुरीवर कापड विणून द्यायचं. २०२१ ला पतसंस्थेतून ४ लाखांचं जामीनकी कर्ज काढलं, दोन जामीनदार, एक मित्र आणि एक मामेभाऊ जो झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे. पुढं मजुरी पडली, लाइट बिल वाढलं, हप्ता ओढायला म्हणून एका फायनान्स कंपनीचं अडीच लाखांचं पर्सनल लोन घेतलं, तिथंच चुकलो. आता चार माग भंगारात गेलेत, चार आहेत त्यातले दोन चालू. पतसंस्थेचे मुद्दल ३ लाख १० हजार आणि वर व्याज, फायनान्सचे सात हप्ते थकलेत.

फायनान्सवाल्यांनी लोन देताना सह्या केलेले दोन कोरे चेक घेतले होते, त्यातला एक २ लाख १२ हजाराचा भरून टाकला, तो परत गेल्याचा बँकेचा मेसेज आला. नंतर वकिलाची रजिस्टर नोटीस आली असणार, कारण पोस्टमन दोनदा येऊन गेला आणि घरच्यांनी घाबरून "ते नाहीत घरी" सांगितलं. याला आता वीसेक दिवस झाले. शिवाय व्हॉट्सॲपवर रोज काहीतरी येतंय, अशोकस्तंभ छापलेला कागद, त्यावर अटक वॉरंट लिहिलंय, आज संध्याकाळी पोलिस येणार असं. दुसरा एक कागद चेन्नईच्या लवादाचा आहे, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा देणाऱ्याचा, इंग्रजीत.

हे सगळं मी सहन केलं असतं पण परवा मामेभावाला सहायक निबंधकांच्या ऑफिसची कलम १०१ ची नोटीस गेली, त्यात माझं नाव, त्याचं नाव, मित्राचं नाव. सुनावणी येत्या १८ तारखेला. मी त्याला हप्ते थकल्याचं सांगितलंच नव्हतं. त्याची बायको फोनवर रडली, तो तर बोलतच नाही.

एक ओळखीचा माणूस महिना ५ टक्क्यानं २ लाख देतो म्हणतोय. ते घेऊन पतसंस्थेत भरू का? का आधी चेकचं मिटवू? आणि खरंच अटक होते का? झोप नाही चार दिवस. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

पंचगंगा_काठ

दादा, आधी ते ५ टक्क्याचं डोक्यातून काढा. महिना ५ म्हणजे वर्षाला ६०, २ लाखाला महिन्याला १० हजार नुसतं व्याज, मुद्दल तसंच. मी २०१९ ला हेच केलं होतं, बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून, आणि शेवटी बँक राहिली बाजूला, सावकाराच्या पाठीमागं दोन वर्षं गेली. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, लायसन असलेल्या सावकारालासुद्धा शेती सोडून इतर विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि बिनलायसन धंदा करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याच्याकडून आधीच काही घेतलं असेल आणि घर-जमीन लिहून दिली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. घेतलं नसेल तर घेऊच नका.

व्हॉट्सॲपच्या वॉरंटचं सांगतो, मलाही आले होते. वॉरंट कोर्ट काढतं आणि ते पोलिस घेऊन येतात, कंपनीचा मुलगा मोबाईलवर पाठवत नाही. खरी केस झालीय का ते स्वतः बघता येतं, ईकोर्ट्सचं ॲप घ्या, राज्य-जिल्हा निवडून आपल्या नावानं शोधा. चेकची केस कधी कधी पुणे-मुंबईला दाखल होते, कंपनीचं खातं ज्या शाखेत असतं तिथं, २०१५ पासून तसा नियम आहे, म्हणून फक्त कोल्हापूर जिल्हा बघून गप्प बसू नका.

आणि भावाकडे आजच जा. फोन नको, घरी जा.

वकीलपत्र_सातारा

मी तालुका कोर्टात प्रॅक्टिस करते, चेकच्या आणि वसुलीच्या केसेस दोन्ही बाजूंनी चालवल्यात. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्यांची एकच भीती करून ठेवलीय, ती आधी सुटी करा.

पहिलं चेकचं, कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा. चेक परत गेल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत समोरच्यानं लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे द्यायचे, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात त्यांनी कोर्टात तक्रार दाखल करायची. आता तुमच्या घरून पोस्टमनला परत पाठवलं, पाकिटावर "घेण्यास नकार" किंवा "घरी नाही" असा शेरा पडला असेल, तर नोटीस पोहोचली असंच कोर्ट धरून चालतं. नोटीस न घेतल्यानं काही वाचत नाही, उलट आत काय लिहिलंय ते तुम्हाला कळत नाही एवढंच होतं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात लोकांनी हेच केलेलं असतं. पण दार बंद झालेलं नाही. सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये सांगितलंय की नोटीस मिळाली नाही असं ज्याचं म्हणणं आहे त्यानं कोर्टाचं समन्स मिळाल्यावर १५ दिवसांत चेकची रक्कम भरावी आणि तक्रार काढून टाका म्हणावं. म्हणजे समन्सची तारीख वहीत लिहून ठेवा.

अटकेचं विचारलंत. १३८ चा गुन्हा जामीनपात्र आहे. पहिल्या तारखेला वकीलपत्र घेऊन हजर राहिलात की त्याच दिवशी जामीन होतो. माणसं आत जातात ती तारखेला न गेल्यामुळे, आधी जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र, मग रात्री पोलिस दारात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे कायद्यात आहे, पण ही केस कधीही तडजोडीनं मिटते, अगदी अपिलात सुद्धा, आणि बहुतेक मिटतातच. गुन्हा कबूल नाही म्हणालात तर कोर्ट २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई भरायला सांगू शकतं, तेवढी तजवीज मनात धरून ठेवा. कोरा चेक दिला होता हा बचाव एकटा पुरत नाही, सही तुमची आहे म्हटल्यावर देणं होतं असंच आधी गृहीत धरतात. मात्र चेकवर टाकलेली रक्कम खरी येणे बाकीपेक्षा जास्त असेल तर तो मुद्दा भक्कम आहे, म्हणून कर्जाचं खातेउतारा पत्र आजच मागवा आणि प्रत्येक भरलेला हप्ता त्यात जमा दाखवलाय का ते बोट ठेवून तपासा.

दुसरं लवादाचं. लोनच्या करारात बारीक अक्षरात लवाद लिहिलेला असतो, कंपनी आपणच लवाद नेमते आणि कर्जदार गेला नाही की एकतर्फी निवाडा होतो. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगून टाकलंय की ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्यानं एकट्यानं लवाद नेमायचा नाही. तुम्ही गप्प बसलात तर मात्र हे सांगायला तिथं कोणी नसतं. दोन ओळींचं पत्र आणि ईमेल करा की तुम्ही एकतर्फी नेमलेला लवाद मला मान्य नाही, माझी लेखी संमती नाही. निवाडा झालाच तर त्याविरुद्ध तीन महिन्यांत जिल्हा कोर्टात जाता येतं. निवाड्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लागली की मग बेलीफ येतो, जप्ती येते, त्यामुळे इंग्रजी आहे म्हणून कागद कपाटात टाकू नका.

तिसरं पतसंस्थेचं, त्यावर इथं संस्थेतले कोणी असतील तर त्यांनी लिहावं, मी चुकीचं सांगायला नको.

फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो, बायकांना तर उत्पन्नाची अटच नाही. त्यांचा फोन १५१००.

रानवारा७७

एवढं कशाला घाबरताय, सरळ घर आणि माग बायकोच्या नावावर करून टाका, नावावर काही नाही तर जप्त काय करणार? आणि तीन वर्षं काढा कशीतरी, नंतर कर्ज मुदतबाह्य होतं, कोण काय वाकडं करत नाही.

वकीलपत्र_सातारा

रानवारा, असं कृपा करून सांगू नका, माणूस अडचणीत आहे तो खरंच करेल. देणेकऱ्यांना चुकवायला केलेलं बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकतं, आणि बायकोला विनाकारण कोर्टात उभं राहावं लागतं. तीन वर्षांची मुदत दावा दाखल करायला असते आणि इथं चेक आणि १०१ आधीच सुरू झालंय. शिवाय त्या तीन वर्षांत तुम्ही लेखी कबूल केलंत किंवा काही रक्कम भरून सही केलीत की मुदत नव्यानं मोजतात. हुकूमनामा, म्हणजे दिवाणी कोर्टाचा पैसे द्यायचा आदेश, झाला तर पुढं १२ वर्षं त्याची दरखास्त लावता येते.

जप्तीची जी भीती दाखवतात त्याबद्दल सांगते. दिवाणी हुकूमनाम्यात घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, बाईचं मंगळसूत्र हे जप्त करता येत नाही. पगारातले पहिले १ हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीचाच जप्त होतो, म्हणजे ४० हजार पगार असेल तर १३ हजारांपर्यंत. पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांना हात लावता येत नाही. आणि पैसे द्यायची ऐपतच नाही अशा माणसाला नुसत्या देण्यापायी दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच सांगितलंय. ऐपत असून लपवली तर गोष्ट वेगळी, म्हणून तर नावावर करायचा सल्ला वाईट.

जुना_वसुली_क्लार्क

मी २२ वर्षं पतसंस्थेत नोकरी केली, त्यातली ९ वसुलीला. आता रिटायर आहे म्हणून मोकळं सांगतो.

१०१ म्हणजे सहकार कायदा १९६० मधलं कलम. संस्था दिवाणी कोर्टात जात नाही, निबंधकांकडे अर्ज करते, ते कर्जदाराला आणि जामीनदारांना नोटीस काढतात, सुनावणी होते आणि वसुली दाखला मिळतो. तो दाखला एकदा निघाला की येणे रकमेचा तो पक्का पुरावा, मग वसुली अधिकारी कलम १५६ खाली जप्तीला बाहेर पडतो. दाखल्याविरुद्ध वर रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, करता येतं पण त्यासाठी येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, कलम १५४ मध्ये तसं आहे. आता तुम्हीच हिशोब करा, मुद्दल आणि व्याज मिळून साडेतीन-पावणेचार लाख झाले असतील तर नंतर नुसतं तोंड उघडायला पावणेदोन लाख लागतील. आणि १८ तारखेला जाऊन बोलायला एक रुपया लागत नाही. तरी माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त लोक सुनावणीला येतच नाहीत, हजेरीच्या कागदावर संस्थेची सही आणि समोर रेघ.

तर १८ ला तिघेही जा, तुम्ही, भाऊ, मित्र. लेखी म्हणणं घेऊन जा, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. त्यात लिहा की कर्ज मान्य आहे, खातेउतारा आणि व्याजाचा तक्ता द्यावा, दंडव्याज कुठल्या दरानं लावलंय ते दाखवावं. व्याजात चुका असतात, मुद्दाम केलेल्या नसल्या तरी असतात, मी स्वतः दुरुस्त केल्यात. मग तुम्ही आज किती भरू शकता आणि महिन्याला किती, हा खरा आकडा लिहा. जमणार नाही असा मोठा आकडा लिहून सुटू नका.

जामीनदाराचं ऐका. लोक समजतात आधी कर्जदाराकडून, नाहीच मिळालं तर जामीनदाराकडून. तसं नाही. करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे आणि संस्था ज्याच्याकडून सोपं त्याच्याकडून घेते. शिक्षक म्हणजे आमच्या भाषेत भरवशाचा जामीनदार, कारण दर महिन्याला पगार आहे. कर्जाच्या वेळी त्यानं पगारकपातीचं संमतीपत्र दिलं असेल तर संस्थेचं पत्र थेट त्याच्या ऑफिसला जातं आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळतं. मी अशी पत्रं टाइप केलीत. एका गुरुजींनी नंतर ऑफिसात येऊन मला विचारलं होतं, मला एक फोन का नाही केलात? उत्तर नव्हतं माझ्याकडे.

एक विचारायचं राहिलं, जे चार माग भंगारात दिले ते कुणाकडे तारण होते का? तारण माल संस्थेला न विचारता विकला असेल तर संस्था पोलिसांत जाऊ शकते, ते आधी वकिलांना सांगा.

मोगरा_निपाणी

मी जामीनदाराच्या घरातली आहे म्हणून लिहितेय. माझ्या वडिलांनी मित्राला जामीन राहिलं होतं. तो माणूस वाईट नव्हता, फक्त लाजेनं आमच्याकडे यायचा बंद झाला. वडिलांना पैशापेक्षा तेच लागलं. आईच्या दोन बांगड्या गेल्या, चार वर्षं घरात त्या माणसाचं नाव काढायचं नाही असं होतं. एकदा तो आला, हातात ५ हजार होते फक्त, आणि म्हणाला दादा एवढेच आहेत, पुढच्या महिन्यात अजून आणतो. त्या दिवशी वडील जेवले नीट. पुढं त्यानं सगळे फेडले, सहा वर्षं लागली.

जामीनदारानं भरले तर तेवढे कर्जदाराकडून वसूल करायचा कायद्यानं हक्क असतो, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही तुमच्या भावाला तुम्हीच सांगा, आणि स्टॅम्प पेपरवर लिहून द्या की तू जेवढे भरशील तेवढे मी तुला देणं लागतो. त्याच्या बायकोला तो कागद दाखवा, तिला आधार वाटेल.

पंचगंगा_काठ

मोगरा ताईंनी लिहिलं ते वाचून थोडा वेळ बसून राहिलो.

फायनान्सचं मिटवायचं कसं ते सांगतो, मी दोन मिटवलीत. वसुलीचा मुलगा फोनवर म्हणेल ७० हजार टाका, मिटवतो, आज रात्री बारापर्यंतच ऑफर आहे. टाकू नका. कंपनीच्या लेटरहेडवर पत्र मागा, कंपनीच्या मेलवरून आलेलं, त्यात लोन नंबर, एकूण किती रकमेत मिटणार, हप्ते कधी, चेकची केस आणि लवाद दोन्ही मागं घेणार आणि चेक परत देणार हे सगळं लिहिलेलं. पैसे फक्त लोन खात्यात, त्या मुलाच्या यूपीआयवर एक रुपया पण नाही. माझ्या ओळखीच्या एकाचे ४० हजार असेच गेलेत, मुलगा नोकरी सोडून गेला आणि कंपनी म्हणते आमच्याकडे जमाच नाही. कमी रकमेत मिटवलं की सिबिलवर सेटल्ड असं येतं, क्लोज्ड नाही, त्यामुळे पुढची काही वर्षं लोन मिळायला जड जातं, हे माहीत असू दे. सगळं भरून झालं की नो ड्यूज पत्र घेतल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

फोनचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये सांगितलंय, वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास नाही. कॉल रेकॉर्ड करा, स्क्रीनशॉट ठेवा, आधी कंपनीच्या तक्रार विभागाला मेल, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी काही नाही. मी केली होती, फोन आठवड्यात थांबले. कर्ज थांबलं नाही, ते भरावंच लागलं.

माझं मत विचाराल तर हातात येईल तो पैसा आधी पतसंस्थेत. तिथं दोन घरं अडकलीत.

वकीलपत्र_सातारा

मतभेद नोंदवते. मनानं मीही पतसंस्था आधी म्हणेन, पण चेकची केस फौजदारी आहे आणि समन्सनंतरचे १५ दिवस परत येत नाहीत. त्यामुळे सगळा पैसा एकीकडे ओतू नका. चेकमध्ये तडजोड करताना हप्ते पाडून मिळतात, तडजोड पुरसिस, म्हणजे तडजोड झाल्याचं दोघांच्या सह्यांचं लेखी निवेदन, कोर्टात देता येते. लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा असते, तिथं दोन्ही प्रकरणं ठेवता येतील. फक्त लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करायच्या आधी हप्त्याचा आकडा घरी बसून दोनदा मोजा.

खर्चीवाला_इचल

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. क्लार्क काका, माग तारण नव्हते, कर्ज नुसतं जामीनकीचं होतं, करारपत्र काढून बघितलं. ५ टक्केवाल्याला नको म्हणून सांगितलं.

काल संध्याकाळी भावाकडे गेलो. जाताना गल्लीच्या तोंडाशी दोनदा थांबलो. त्यानं दार उघडलं, काही बोलला नाही, वहिनींनी पाणी दिलं. मी खातेउतारा, नोटीस, सगळे कागद त्याच्या समोर टेबलावर ठेवले आणि सांगितलं की दोन बंद माग विकतोय, गिऱ्हाईक बघितलंय, सगळे मिळून ६० हजार येतील ते तुझ्या समोर पतसंस्थेत भरतो, पावती तुझ्याकडं ठेव. आणि महिन्याला ८ हजार, त्यासाठी मी रात्रपाळीला दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबर म्हणून लागतोय. मोगरा ताईंनी सांगितला तसा कागद पण देतो म्हटलं. तो बराच वेळ कागद उलटत बसला. मग म्हणाला, "दंडव्याज दोनदा लावलंय बघ इथं, मार्च महिन्यात." गणिताचा मास्तर आहे तो. खरंच दोनदा लागलंय, ४ हजार काहीतरी.

पोस्टात जाऊन आलो, पाकीट परत गेलंय, शेरा "घरी नाही, सूचना दिली". लवादाला मेल केला, लेखी मान्य नाही म्हणून. ॲपवर पुण्यात बघितलं, अजून केस दिसत नाही. विधी सेवा समितीत सोमवारी बोलावलंय.

१८ ला आम्ही तिघे जातोय, भावानं शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. काय झालं ते येऊन लिहितो.

जुना_वसुली_क्लार्क

त्या मार्चच्या नोंदीखाली पेन्सिलनं रेघ मारून न्या आणि म्हणण्यात तारीख आणि रक्कम घाला. ६० हजार शक्यतो १८ च्या आधी भरा, पावतीची झेरॉक्स म्हणण्याला जोडा. सुनावणीला वेळेआधी अर्धा तास पोहोचा, नावं पुकारतात तेव्हा बाहेर चहाला असलेला माणूस गैरहजर धरतात.